तीन नंबरचा तंबू

२ डिसेंबर, शुक्रवार

आले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना उभा, आणि माझ्या दोन बॅगा. प्रत्येक मजल्यावर थांबून धापा टाकल्या, तर खालच्या बाई दार उघडून बघायला आल्या की भांडण कुणाचं चाललंय. माझी धापसुद्धा मोठ्या आवाजात लागते, त्याला मी काय करू? सव्वीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. माझी हाक तीन वर्ग ओलांडून जायची. मुख्याध्यापक म्हणायचे, शिपाई रजेवर गेला तर जाऊ दे, घंटेऐवजी बाईंना ओरडायला सांगू.

खोली छान आहे. खिडकीत डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर नुकतं पडलेलं बर्फ. टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि ही वही उघडली. रोज काहीतरी नोंदवल्याशिवाय मला चैन पडत नाही. सवयीला औषध नाही.

नोकरी धाकट्यानं शोधून दिली. धाकटा म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, म्हणून सगळ्यांचाच धाकटा. तो लोकांना डोंगरावर घेऊन जायचं काम करतो. त्याच्या ओळखीच्या तंबूच्या कारखान्याला तंबू तपासायला कुणीतरी हवं होतं, वजनमापात चोख असलेलं. यानं हमीच देऊन टाकली की ताईच्या हातून आकडा चुकणार नाही.

त्यात त्याचाही स्वार्थ आहे. जानेवारीत तो सहा विद्यार्थ्यांना घेऊन बर्फातल्या मुक्कामाला जाणार आहे. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून पाठीवरचं ओझं त्याला सोसत नाही. कारखान्यात हलक्या तंबूचे तीन नमुने तयार आहेत. मी जो पास करीन तोच नमुना धाकटा वर नेणार आणि त्यातच झोपणार. फोनवर म्हणाला, ताई, तुझा भाऊ आत झोपणार आहे असं समजून निवड. मी म्हटलं, गाढवा, झोपणारच आहेस ना, मग त्यात समजायचं काय?

५ डिसेंबर, सोमवार

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. एका बाजूला कापडाचे तागे आणि शिवणयंत्रं, दुसऱ्या बाजूला तपासणी, आणि टोकाला पूर्वी फळं साठवायची ती थंड खोली. मालकीण म्हणजे मॅडम. चाळिशीच्या, चालताना फोनवर बोलणाऱ्या. दिवसभरात त्यांना एकदाही बसलेलं पाहिलं नाही. स्टोअर सांभाळणारे काका साठीचे, खिशात कायम शेंगदाणे आणि जिभेवर कायम टोमणा. मला पाहून म्हणाले, आधीचा तपासणीस दोन महिने टिकला, तुम्ही किती टिकता बघू.

तीनही नमुने उभे करून पाहिले. एक नंबर सव्वादोन किलोचा, जाड काठ्यांचा, एखाद्या पैलवानासारखा. दोन नंबर एक किलो नऊशे. देखणा, पण त्याचं दार वाऱ्याकडे तोंड करून उघडतं. तीन नंबर एक किलो तीनशे ऐंशी ग्रॅम! उचलला तर शाल उचलल्यासारखं वाटलं. दोन पदरी कापड, चार काठ्या, खाली कडेनं बर्फ दाबून बसवायला झालर. मोठ्या पंख्यापुढे लावला, हलला नाही. वर वाळूच्या पिशव्या ठेवून बर्फाचा भार दिला, वाकला आणि परत उभा राहिला. कात्रीच्या टोकानं कापड टोचलं, दबलं पण फाटलं नाही. मी शेरा लिहिला: वजनाला कापूस, फाडायला लोखंड.

आता उरली श्वासाची तपासणी. काकांनी समजावलं की हिवाळ्यात तंबूचा खरा शत्रू वारा नाही, आतल्या माणसाचा श्वास आहे. तोंडाची वाफ कापडावर गोठते, सकाळी वितळते, स्लीपिंग बॅग भिजते, आणि दुसऱ्या रात्री माणूस गारठून मरतो. म्हणून तंबूत किती पाणी धरलं जातं ते मोजायचं.

७ डिसेंबर, बुधवार

आज एक नंबरमध्ये झोपले. झोपायचं काम मिळालं म्हणून आधी हसू आलं. थंड खोलीत उणे पंधरा. सकाळी नऊला आत शिरायचं, चेन लावायची, पाचला बाहेर. झोपा, वाचा, लिहा, काहीही करा, फक्त श्वास घ्या, असं काका म्हणाले. खोलीच्या दाराला काचेची खिडकी आहे, तिच्यातून ते अधूनमधून डोकावतात, आणि तंबूला समोर जाड पारदर्शक चौकोन आहे, त्यातून मला ते दिसतात. दाराजवळ घंटीची दोरी आहे, पण ती तंबूच्या बाहेर. आत धारदार काही न्यायचं नाही, नमुन्याला भोक पडेल म्हणून. पेनची शाई गोठते, म्हणून पेन्सिल.

पाच वाजता आतल्या कापडावर पांढरी साय धरलेली होती, सगळ्यात जाड माझ्या डोक्याच्या वर. ती खरवडून, कोरड्या फडक्यानं टिपून, फडकं डब्यात घालून काट्यावर ठेवायचं. आधीचं वजन वजा केलं की श्वासाचं पाणी. दोनशे बारा ग्रॅम. एका माणसाचं दोनशे ते अडीचशे येतं, म्हणजे बरोबर. आठ तासांत पेलाभर पाणी मी नुसतं तोंडानं सांडलं! धाकटा म्हणतोच की मी तोंडची वाफ फार दवडते.

दोन त्रास झाले. चष्म्यावर सारखी वाफ धरत होती. पुसून पुसून वैताग आला. आणि निघताना चेन गोठून बसली. काका खिडकीतून खुणा करत होते, ओठांचा चंबू करून. चेनवर तोंडाची वाफ द्यायची! तीन फुंकरा मारल्या, सुटली.

९ डिसेंबर, शुक्रवार

काल दोन नंबर. दोनशे सव्वीस ग्रॅम. पण दाराच्या फटीतून गार झोत येत होता, पायाची बोटं बधिर झाली. नापास. आता एक आणि तीन यांच्यात निवड. तीन पास झाला तर धाकट्याच्या पाठीवरचं जवळजवळ एक किलो ओझं उतरेल. मनातून मलाही तोच पास व्हायला हवाय. तपासणाऱ्यानं असं काही मनात धरू नये, हे मीच पोरांना शिकवत आले आहे.

१२ डिसेंबर, सोमवार

आज तीन नंबर. शांत, उबदार, अजिबात झोत नाही. दुपारी तर मला गाढ झोप लागली.

पण पाणी आलं चारशे अडतीस ग्रॅम.

काटा तपासला. प्रमाणित वजन ठेवून पाहिलं, बरोबर. दोन माणसांचं पाणी, आणि आत मी एकटी. मग लक्षात आलं, फडकं आधीच ओलं असणार. काकांनी धुवून वाळत घातलेलं, थंडीत वाळतंय कशाला! उशीर झाला होता, मॅडम कोट घालून दारात उभ्या होत्या, आकडा मागत होत्या. मी चारशे अडतीसचे निम्मे केले आणि दोनशे एकोणीस लिहून दिले.

शाळेत पोरं असंच करायची. पुस्तकातलं उत्तर आधी बघायची आणि वाचन त्याला जुळवायची. मी त्यांना कान धरून उभं करायचे. आकडा पुस्तकातून नाही काढायचा, काट्यावरून काढायचा! आणि आज मीच. पण फडकं ओलंच होतं. नक्कीच ओलं होतं.

१४ डिसेंबर, बुधवार

तीन नंबर पास झाला. मॅडम खूश, धाकटा त्याहून खूश. बावीस तारखेला तो न्यायला येणार. फोनवर विचारत होता की खरंच एक किलो तीनशे ऐंशी का. मी हो म्हटलं, आणि पुढे काहीतरी बोलणार होते, पण नाही बोलले. त्यानं माझ्यासाठी हमी दिली आहे.

काकांना सहज विचारलं की ती फडकी कुठे वाळत घालता. म्हणाले, शिवणखात्यातल्या हिटरवर. पापडासारखी कडक होतात.

मग ओलं कसं असेल?

१५ डिसेंबर, गुरुवार

मॅडमना सांगितलं की आकडा पक्का करायला आणखी एकदोनदा झोपून बघते. त्या म्हणाल्या, झोपा की. फडकं मी स्वतः हिटरवर वाळवलं.

चारशे छत्तीस.

आणि आज खरवडायच्या आधी नीट पाहिलं. साय दोन ठिकाणी जाड आहे. एक माझ्या डोक्याच्या वर, परातीएवढी गोल. दुसरी पायाकडे, तेवढीच, तशीच गोल. डोक्याच्या वर माझा श्वास. पायाकडे काय? मी काही पायानं श्वास घेत नाही.

काकांना विचारलं तर ते हसले नाहीत. नेहमी हसतात. शेंगदाणे खिशात परत टाकले आणि म्हणाले, कापडाचा दोष असेल. उठून गेले.

१७ डिसेंबर, शनिवार

तीनशे एकतीस. कमी झालं! मी म्हटलं, चला, कापड सुधारतंय. पण पायाकडचा गोल आता पायाकडे नव्हता. कमरेच्या वर होता. डोक्याकडचा माझा लहान झालाय, ताटलीएवढा.

दिवसभर मन लागत नव्हतं. कूस बदलली की बाजूचं कापड किंचित आत यायचं आणि बाहेर जायचं. वारा असता तर समजले असते. थंड खोलीत वारा कुठला? मी श्वास रोखून ऐकत पडले. लहानपणी हौदात बुडी मारून मी इतका वेळ श्वास रोखायचे की धाकटा काठावर रडायला लागायचा, आणि मी वर येऊन हसायचे. आज तसाच रोखला.

कापड हलायचं थांबलं नाही.

१९ डिसेंबर, सोमवार

दोनशे एकवीस! एका माणसाचं, अगदी पुस्तकातल्यासारखं. आणि गोल एकच, माझ्या तोंडाच्या बरोबर वर. सुटले! आठवडाभर उगीच जीव टांगणीला लावून घेतला. मी लिहिलेला आकडा शेवटी खराच निघाला. बाहेर येऊन काकांना दोन शेंगदाणे मागून खाल्ले.

शिवाय आज चष्म्यावर एकदाही वाफ धरली नाही. दिवसभर लख्ख दिसत होतं.

२० डिसेंबर, मंगळवार, सकाळ

काल तीन जिने चढले आणि वर आल्यावर लक्षात आलं की धाप लागली नाही. खालच्या बाईंनी दारही उघडलं नाही. डोंगरची हवा मानवली म्हणायची.

घसा मात्र बसलाय. दूधवाल्याला हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. माझी हाक! आणि चहा घेताना जीभ पोळली. फुंकून प्यायची सवय आहे मला, दुधानं तोंड पोळलेलं नसलं तरी मी ताक फुंकणारी. फुंकर मारली तर चहावर साधी सुरकुती उठेना.

२० डिसेंबर, संध्याकाळ

काकांनी आज सांगितलं. मला आधी का नाही सांगितलं म्हणून भांडायला हवं होतं, पण आवाजच नाही.

तीन नंबरचं कापड बर्फात किती टिकतं हे पाहायला गेल्या हिवाळ्यात तो डोंगरावर उभा करून ठेवला होता. रिकामा. चेन लावून. चार महिने तिकडे कुणी फिरकलं नाही. वसंतात तो उतरवायला गेलेल्यांत काका होते. बाहेरचं बर्फ वितळून गेलं होतं आणि चेन उघडली तर आतून भिंतीभर पांढरी साय. बोटभर जाड. काका म्हणाले, तुम्हीच सांगा बाई, तपासणीस तुम्ही आहात, आत कुणी श्वास घेतल्याशिवाय साय धरते का?

आधीचा तपासणीसही तीन नंबरमध्ये पाच वेळा झोपला होता. शेवटच्या दिवशी सगळे फाटकाशी बोलत उभे होते, कडाक्याची थंडी, प्रत्येकाच्या तोंडातून धूर निघत होता. त्याच्या निघत नव्हता. मग तो आलाच नाही. त्याची बायको ओळखपत्र परत करायला आली. म्हणाली, बरे आहेत, फक्त बोलत नाहीत, लिहून दाखवतात. आणि एकच विचारतात, तो तंबू जाळला का.

काका बोलत होते तेव्हा आम्ही थंड खोलीच्या दारात उभे होतो. त्यांच्या तोंडातून धूर येत होता. मी खाली बघितलं, स्वतःच्या तोंडाकडे.

काकाही माझ्याकडेच बघत होते.

घरी येऊन डब्याचं स्टीलचं झाकण ओठांशी धरलं. शंभर मोजले. झाकण स्वच्छ. काल तंबूत एका माणसाचं पाणी होतं. ते माझं नव्हतं.

२१ डिसेंबर, बुधवार

पहाटेपर्यंत ठरवलं. लाज गेली चुलीत. सकाळी मॅडमना कागदावर लिहून दिलं की बारा तारखेचा आकडा खोटा आहे, मी निम्मा करून लिहिला. तंबू नापास करा. जाळा.

मॅडम पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाल्या, परवा तुम्हीच दोनशे एकवीस दिलेत, मग आता कुठला आकडा खरा धरू? एकदा खोटं लिहिणाऱ्याचं पुढचं कुणी का मानावं? बरोबरच आहे. मीही पोरांना हेच सांगायचे.

तेवढ्यात धाकटा आला. एक दिवस आधीच. दारातूनच ताई म्हणून मिठी मारली, उचलून गोल फिरवलं, म्हणाला, ताई, केवढी हलकी झालीस! मी कुजबुजून सगळं सांगितलं. झाकण ओठांशी धरून दाखवलं. तो पाहत राहिला, आणि मग हसायला लागला. म्हणाला, पुरे, हौदातली जुनी युक्ती आहे ही, आता मी रडणार नाही. ताईला काळजीनं घेरलंय, मी डोंगरात जाणार म्हणून ती आधीच घाबरलीय, असं तो मॅडमना समजावत होता.

मग त्यानंच तोडगा काढला. उद्या तो स्वतः तीन नंबरमध्ये झोपणार, आणि पाणी मॅडम स्वतः मोजणार. एका माणसाचं आलं तर तंबू त्याचा. मी हात धरला, नको म्हटलं. नको हा शब्द अर्धाच बाहेर आला. तो म्हणाला, मग तूही ये, दोघं झोपू, दोघांचं पाणी मोजू. नाहीतर मी एकटा जातो.

एकटा नाही जाऊ देणार.

संध्याकाळी काकांना लिहून विनवलं की स्टोअर उघडा, मी तंबू कापून टाकते. मॅडमनी किल्ली नेली आहे. काका डोळे पुसत म्हणाले, चुकलं माझं, बाई, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आता रडून काय होणार. माझं तरी कुठे चुकलं नाही? बारा तारखेला चारशे अडतीस लिहिले असते तर तंबू तिथेच नापास झाला असता.

२२ डिसेंबर, गुरुवार

नऊ वाजून दहा. आत आहोत. दोघं. चेन धाकट्यानं लावली. मी आत वही आणली, त्याला हसू आलं. त्याच्या तोंडातून धूर निघतोय, भरभरून. बघत बसले आहे. इतकं सुंदर काही मी कधी पाहिलं नव्हतं.

आवाज आज अजिबात नाही. मी लिहून दाखवलं: झोपू नकोस. त्यानं मान डोलावली.

साडेदहा. दोन गोल. एक त्याच्या वर, एक माझ्या. तो म्हणाला, बघ, दोन माणसं, दोन गोल, झालं समाधान? मी झाकण दाखवलं. त्यानं माझा गाल ओढला.

अकरा पन्नास. तो झोपलाय. याच तंबूत मलाही अशीच झोप लागली होती. हलवलं. चिमटा काढला. डोळे मिटूनच म्हणाला, बरं ताई, झोपतो, पाचला उठव.

मी काही बोलले नव्हते.

बारा वीस. पुन्हा हलवलं. तो झोपेतच हसला, हं म्हणाला, मग पुन्हा हं. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा. मी त्याच्या तोंडाजवळ कान नेला. माझ्या वरच्या गोलातून — आवाज अगदी हळू — पण ओळखीचा. सव्वीस वर्षं वर्गावर्गांतून घुमलेला. म्हणतोय, झोप रे राजा, ताई आहे ना.

माझा आवाज. माझ्याच श्वासानं —

बारा चाळीस. खिडकीत काका नाहीत. जेवायला गेले असतील. की साय धरली म्हणून दिसत नाहीत? तंबूतून खिडकी म्हणजे नुसता पांढरा चौकोन.

पायाकडे बघायला नको होतं.

तिथे तिसरा. आत्ता वाटीएवढा. दोघांचं दोन, मग हा — नाही, मी धरायची नाही. माझ्या वरचा माझा नाही. धाकट्याचा एक, माझा श्वास घेऊन बसलेल्याचा एक. आणि हा नवा. धाकट्यासाठी.

एक वाजला. दोरी बाहेर. चेन ओढतेय, गोठलीय. सबंध पांढरी, दगड झालीय. दोन्ही हातांनी — नाही. पेन्सिलीनं कापड टोचलं. दबतं. फाटत नाही. फाडायला लोखंड. मीच लिहिलं होतं.

चेनवर तोंड लावलं. ओठ चिकटले फक्त. वाफ नाही.

एक दहा. नवा गोल त्याच्या गुडघ्यांवर आलाय. त्याच्या वरचा लहान होतोय. ताटली. त्याच्या तोंडचा धूर मी मोजतेय. आधी दाट होता, आता —

थप्पड मारली त्याला. डोळे किलकिले केले! मी वही डोळ्यांसमोर धरते. मोठ्या अक्षरात लिहिते.

धाकट्या, हे वाच. हौदातली युक्ती नाही ही. कानावर येतंय ते मी बोलत नाहीये. त्याचं ऐकू नकोस. ऊठ. चेन गोठलीय. फुंकर तुलाच मारायला लागेल, जोरात, अजून तुझ्याकडे आहे तोवर. बाहेर पड आणि मागे बघू नकोस, मी येत नाही, मी गेले तर हा तंबू रिकामा राहील आणि हे तुझ्यामागे — वाच ना रे. डोळे मिटू नकोस. वाच. फुंकर मार राजा, माझ्याकडे आता